जॅनेट कॉलिन्स : चेहरा पांढरा रंगवायला नकार देणारी बॅलेरिना

जॅनेट कॉलिन्स (७ मार्च १९१७ – २८ मे २००३) या अमेरिकेतील बॅले नर्तिका, नृत्यरचनाकार, नृत्यशिक्षिका आणि चित्रकार. न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'प्रिमा बॅलेरिना', म्हणजे प्रमुख नर्तिका म्हणून नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. ही नेमणूक १९५१ मध्ये झाली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तेव्हा गोऱ्यांनी आणि काळ्यांनी कुठे बसायचे, कुठे जेवायचे, कोणत्या शाळेत शिकायचे हे कायद्याने ठरवून दिलेले होते.

कॉलिन्स यांचे नाव बहुधा या एका 'पहिल्या'पणासाठी घेतले जाते. पण त्यांच्या आयुष्यात नृत्य आणि चित्रकला या दोन कला शेवटपर्यंत एकमेकींना आधार देत राहिल्या. नृत्याची दारे बंद होती तेव्हा त्यांच्या हाती कुंचला होता, आणि नृत्याच्या राजधानीत पोहोचण्याचा खर्चही चित्रांच्या कमाईतून निघाला. त्यामुळे त्यांचे आयुष्य समजून घ्यायचे तर दोन्ही कला सोबत पाहाव्या लागतात.

बालपण

जॅनेट यांचा जन्म लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात एका क्रिओल कुटुंबात झाला. वडील शिंपीकाम करत, आई शिवणकाम करत असे. लुइझियाना हे वंशभेदाच्या इतिहासातले महत्त्वाचे राज्य. गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या रेल्वेच्या डब्यात बसल्याबद्दल प्लेसी नावाच्या माणसाला अटक झाली ती याच राज्यात. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९६ मध्ये न्यायालयाने 'वेगळे, पण समान' या तत्त्वावर अशा विभागणीला मान्यता दिली. पुढची सुमारे साठ वर्षे त्या निकालाचा आधार घेतला जात होता.

जॅनेट चार वर्षांच्या असताना कुटुंब लॉस एंजेलिसला राहायला गेले. तिथे दक्षिणेतल्यासारखे कायदे नव्हते, पण व्यवहारात भेदभाव होताच. बहुतेक बॅले शिक्षक काळ्या मुलींना वर्गात घेत नसत. दहाव्या वर्षी जॅनेट यांचे पहिले नृत्यशिक्षण सुरू झाले ते एका कॅथलिक समाजकेंद्रात. शिकवणीचे पैसे देणे घराला जड होते. त्यावर आईने मार्ग काढला : ती कार्यक्रमांसाठी नृत्याचे पोशाख शिवून द्यायची आणि त्या बदल्यात मुलीला शिकायला मिळायचे.

घरच्यांचा कलेला विरोध नव्हता. मात्र मुलीने नृत्यापेक्षा चित्रकलेकडे वळावे असे त्यांना वाटे. त्यामागे साधा हिशेब होता. चित्र पाहताना ते काढणारा समोर उभा नसतो. नर्तिकेला मात्र स्वतःचे शरीर आणि स्वतःचा चेहरा घेऊनच लोकांपुढे यावे लागते. ज्या देशात तो चेहराच अडचण ठरतो, तिथे काळ्या मुलीला नृत्यापेक्षा चित्रकलेत अधिक संधी असेल, हा त्यांचा अंदाज होता. तो बरोबर असल्याचे लवकरच दिसले.

एक चाचणी आणि एक अट

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातून आलेली 'बॅले रूस द मॉन्टे कार्लो' ही मंडळी अमेरिकेत गाजत होती. 'बॅले रूस' म्हणजे रशियन बॅले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दियागिलेव यांच्या मंडळीने रशियन बॅलेला जगभर नाव मिळवून दिले होते, आणि ही मंडळी तिचीच परंपरा पुढे चालवत होती. तिचे मुख्य नृत्यरचनाकार होते लिओनीद मासीन. लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी नव्या नर्तकांची चाचणी घेतली. पंधरा-सोळा वर्षांच्या जॅनेट त्या चाचणीला गेल्या.

त्यांचे नृत्य मासीन यांना आवडले. अडचण होती ती रंगाची. मंडळीत घ्यायचे तर दोनच मार्ग आहेत, असे त्यांना सांगण्यात आले : एकतर त्यांच्यासाठी खास वेगळ्या भूमिका तयार कराव्या लागतील, नाहीतर रंगमंचावर येताना त्यांना चेहरा आणि अंग पांढरे रंगवावे लागेल.

ही अट समजून घेण्यासाठी बॅलेची रचना थोडी माहीत हवी. अभिजात बॅलेमध्ये प्रमुख नर्तक-नर्तिकांच्या मागे एक मोठा नृत्यसमूह असतो. 'स्वान लेक'मधल्या पांढऱ्या हंसांचा थवा हे त्याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण. या समूहातल्या सगळ्या मुली एकाच उंचीच्या, एकाच बांध्याच्या आणि एकाच हालचालीच्या दिसाव्यात, अशी अपेक्षा असते. ही एकसारखेपणाची अपेक्षा कलेतून आलेली आहे असे म्हटले जाई. प्रत्यक्षात तिचा वापर काळ्या नर्तकांना बाहेर ठेवण्यासाठी होई. नवी मुलगी समूहातूनच वर चढते. त्यामुळे समूहात जागा नाही, तर वर जाण्याची शिडीच नाही.

जॅनेट यांनी नकार दिला. बाहेर येऊन जिन्यात बसून आपण खूप रडलो, असे त्यांनी अनेक वर्षांनंतर एका मुलाखतीत सांगितले. घरच्या मोठ्यांनी त्यांना सांत्वनाबरोबर कामही दिले : पुन्हा सरावाला लाग, आणि इतरांइतके चांगले होण्यावर थांबू नकोस, त्यांच्याहून चांगली हो. दुसऱ्या दिवसापासून सराव पुन्हा सुरू झाला.

कुंचला हाती

नृत्य सुरू असतानाच जॅनेट यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले. लॉस एंजेलिस सिटी कॉलेजमध्ये त्यांनी शिष्यवृत्तीवर कलेचा अभ्यास केला आणि पुढे त्या लॉस एंजेलिसच्या 'आर्ट सेंटर स्कूल'मध्ये शिकल्या.

नृत्यात त्यांना मिळालेले गुरूही वेगवेगळ्या वाटांचे होते. कार्मेलिता माराची या बॅले आणि स्पॅनिश नृत्य यांचा मेळ घालणाऱ्या नर्तिका. काळ्या विद्यार्थ्यांना शिकवायला तयार असलेल्या थोड्या बॅले शिक्षकांपैकी त्या एक होत्या. अडॉल्फ बोल्म हे दियागिलेव यांच्या मूळ मंडळीतले नामांकित नर्तक. लेस्टर हॉर्टन हे आधुनिक नृत्याचे शिक्षक. सर्व वंशांच्या नर्तकांना एकत्र घेऊन काम करणारे म्हणून ते पुढे ओळखले गेले. बॅलेमध्ये शरीर वर, हवेत उचललेले असते, तर आधुनिक नृत्य जमिनीशी, श्वासाशी आणि वजनाशी नाते सांगते. जॅनेट दोन्ही शिकल्या. त्यांच्या नृत्यातला पुढे नावाजला गेलेला ताजेपणा याच मिश्रणातून आला.

पोटासाठी त्यांनी व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे गाणी, नकला, कसरती आणि नाच असलेल्या फिरत्या करमणुकीच्या खेळांत काम केले. लॉस एंजेलिसच्या संगीतनाटकांत त्या नाचल्या. १९४० च्या दशकात कॅथरीन डनम यांच्या मंडळीतही त्यांनी काम केले. डनम या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक होत्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या नृत्यपरंपरांवर त्यांच्या रचना उभ्या होत्या. १९४६ च्या 'द थ्रिल ऑफ ब्राझील' या हॉलिवूड चित्रपटातही कॉलिन्स यांचे नृत्य आहे. १९४५ मध्ये त्यांना रोझेनवाल्ड निधीची शिष्यवृत्ती मिळाली. उद्योगपती जुलियस रोझेनवाल्ड यांनी स्थापन केलेल्या या निधीतून अनेक काळ्या लेखकांना, संशोधकांना आणि कलावंतांना मदत मिळत असे.

यादी मोठी दिसते, पण तिच्यात एक गोष्ट नाही : बॅले मंडळीतली कायम जागा. तिशी जवळ आली होती. बॅलेच्या जगात हे वय म्हणजे कारकिर्दीचा मध्य. कॉलिन्स यांची कारकीर्द अजून सुरूच व्हायची होती.

न्यूयॉर्कचा पहिला कार्यक्रम

१९४८ च्या सुमारास त्या न्यूयॉर्कला गेल्या. प्रवासाचा खर्च त्यांनी चित्रांच्या कमाईतून उभा केला. घरच्यांनी नृत्याऐवजी सुचवलेली कलाच त्यांना नृत्याच्या राजधानीत घेऊन गेली.

कोणतीही मंडळी घेत नसेल तर नर्तिकेपुढे एक मार्ग उरतो : स्वतः रचलेले एकल नृत्य. त्यासाठी मोठा समूह लागत नाही, कुणाच्या ओळीत बसावे लागत नाही. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या 'नाइंटी-सेकंड स्ट्रीट वाय' या संस्थेच्या रंगमंचावर कॉलिन्स यांनी स्वतःच्या रचना सादर केल्या. ज्यू समाजाने चालवलेली ही संस्था त्या काळात आधुनिक नृत्याचे महत्त्वाचे व्यासपीठ होती आणि नव्या कलाकारांना तिथे संधी मिळत असे. कॉलिन्स यांच्या रचनांत एकीकडे मोत्झार्टच्या संगीतावरचे नृत्य होते, तर दुसरीकडे 'स्पिरिच्युअल्स', म्हणजे गुलामगिरीच्या काळात आफ्रिकी-अमेरिकी लोकांनी रचलेल्या भक्तिगीतांवरचे नृत्य. युरोपचा दरबारी डौल आणि आपल्या पूर्वजांची प्रार्थना या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी, एकाच शरीरातून व्यक्त झाल्या.

शहरातल्या नृत्यसमीक्षकांनी भरभरून लिहिले. त्या हंगामातली सर्वांत लक्षवेधी नवोदित नर्तिका म्हणून त्यांची गणना झाली. वय होते बत्तीस.

ब्रॉडवेवरची 'रात्र'

पुढचे दार ब्रॉडवेवर उघडले. २१ डिसेंबर १९५० रोजी कोल पोर्टर यांचे 'आउट ऑफ धिस वर्ल्ड' हे संगीतनाटक रंगमंचावर आले. ग्रीक-रोमन देवतांच्या कथेवर आधारलेल्या या नाटकाची नृत्ये हान्या होल्म यांनी बसवली होती. कॉलिन्स यांच्या वाट्याला 'रात्र' ही भूमिका होती. नाटक फार चालले नाही, पण कॉलिन्स यांचे नृत्य लोकांच्या लक्षात राहिले. ब्रॉडवेवरील उत्तम नर्तिकेसाठीचा डोनाल्डसन पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे त्यांच्या चरित्राला 'नाइट्स डान्सर' हे नाव दिले गेले, त्यात याच भूमिकेचे पडसाद आहेत.

हे नृत्य पाहणाऱ्यांमध्ये झॅकरी सोलोव होते. मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या बॅले विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे येत होती आणि त्यांना नव्या प्रमुख नर्तिकेचा शोध होता.

मेट्रोपॉलिटन ऑपेरा, १९५१

ऑपेरा म्हणजे गायनातून सांगितलेले नाटक. मग तिथे बॅलेचे काय काम? एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या ऑपेरांमध्ये एखादा उत्सवाचा, मिरवणुकीचा किंवा मेजवानीचा प्रसंग असतो आणि त्यात नृत्य येते. त्यामुळे मोठ्या ऑपेरागृहांत स्वतंत्र बॅले विभाग असतो.

१८८३ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तोपर्यंत कोणत्याही काळ्या गायकाला प्रमुख भूमिका मिळालेली नव्हती. १९५० मध्ये रुडॉल्फ बिंग तिथे सरव्यवस्थापक झाले. ते मूळचे व्हिएन्नाचे. सोलोव यांनी कॉलिन्स यांचे नाव सुचवले, तेव्हा बिंग यांनी त्याला पाठिंबा दिला.

१३ नोव्हेंबर १९५१ रोजी मेट्रोपॉलिटनचा नवा हंगाम वेर्दी यांच्या 'आयदा' या ऑपेराने सुरू झाला. इजिप्तमध्ये कैदेत असलेल्या इथिओपियाच्या राजकन्येची ही कथा आहे. तिच्यातल्या विजय मिरवणुकीच्या प्रसंगात कॉलिन्स नाचल्या. ज्या चेहऱ्यावर पांढरा रंग फासल्याशिवाय रंगमंचावर जागा नाही असे एकेकाळी सांगितले गेले होते, तो चेहरा आता देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित ऑपेरागृहाच्या मंचावर होता.

'आयदा'नंतर 'कार्मेन', 'ला जोकोंदा' आणि 'सॅमसन अँड डलायला' यांतही त्यांनी प्रमुख नृत्ये केली. 'आयदा'मधली भूमिका आफ्रिकेशी जोडलेली होती, म्हणून ती काळ्या नर्तिकेला मिळाली, असे म्हणता आले असते. पण 'ला जोकोंदा' ही व्हेनिसची कथा आहे आणि तिच्यातले 'तासांचे नृत्य' हे अभिजात बॅलेचेच उदाहरण. त्यामुळे त्यांची जागा एका रंगापुरती किंवा एका भूमिकेपुरती नव्हती.

विख्यात गायिका मॅरियन अँडरसन ७ जानेवारी १९५५ रोजी मेट्रोपॉलिटनमध्ये गायल्या, तेव्हा तिथे एकल भूमिका गाणाऱ्या त्या पहिल्या काळ्या कलाकार ठरल्या. त्यांचा हा प्रवेश जगभर गाजला. कॉलिन्स त्या मंचावर त्याआधी तीन वर्षे पोहोचल्या होत्या, हे मात्र अनेकांना आजही माहीत नसते. ऑपेराच्या प्रेक्षकासाठी गायक पहिला आणि नर्तक दुसरा. इतिहासानेही तोच क्रम पाळला.

दौऱ्यावर कोण नाचणार?

मेट्रोपॉलिटन ऑपेराचा न्यूयॉर्कमधला हंगाम संपला की मंडळी रेल्वेने देशभर दौऱ्यावर निघे. या दौऱ्यात दक्षिणेतली शहरेही असत. तिथल्या वंशभेदाच्या कायद्यांमुळे आणि रिवाजांमुळे कॉलिन्स यांना तिथे नाचता येत नसे. त्यांच्या जागी दुसरी, गोरी नर्तिका उतरवली जाई.

न्यूयॉर्कच्या जाहिरातीत जिचे नाव प्रमुख नर्तिका म्हणून छापले जाई, तीच नर्तिका काहीशे मैल दक्षिणेला गेली की मंचावर येऊ शकत नव्हती. नेमणूक खरी होती, पुरस्कार खरे होते, टाळ्या खऱ्या होत्या. पण त्यांची हद्द ठरलेली होती. गोऱ्यांच्या संस्थेत पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या अनेकांना हाच अनुभव आला. वरचा माणूस दार उघडतो, पण इमारतीबाहेरचा रस्ता बदलणे त्याच्या हातात नसते.

१९५४ मध्ये कॉलिन्स यांनी मेट्रोपॉलिटन सोडले. त्यांच्यानंतर ती जागा घेतली कार्मेन डी लावालाड यांनी. कार्मेन त्यांच्या मामेबहीण, वयाने चौदा वर्षांनी लहान. जॅनेट यांना पाहूनच त्यांना नृत्याची ओढ लागली होती. पुढे कार्मेन यांनीही नृत्य, अभिनय आणि नृत्यरचना अशा अनेक क्षेत्रांत मोठे नाव कमावले.

शिक्षिका आणि रचनाकार

मंचावरून उतरल्यावर कॉलिन्स यांनी शिकवण्यावर लक्ष दिले. जॉर्ज बॅलन्शीन यांच्या 'स्कूल ऑफ अमेरिकन बॅले'मध्ये त्यांनी आधुनिक नृत्य शिकवले होते. मेरीमाउंट मॅनहॅटन कॉलेज आणि मॅनहॅटनव्हिल कॉलेज या संस्थांतही त्यांनी अध्यापन केले. ब्राँक्समधील कर्णबधिर मुलांच्या शाळेतही त्यांनी नृत्य शिकवले. संगीत ऐकू न येणाऱ्या मुलांना लय शिकवायची तर ती नजरेने, स्पर्शाने आणि जमिनीतून जाणवणाऱ्या ठेक्याने पोहोचवावी लागते. दोन नृत्यशैली आणि चित्रकला शिकलेल्या शिक्षिकेकडे त्यासाठी साधने अधिक होती.

नृत्यरचनाही त्या करत राहिल्या. १९७४ मध्ये आल्विन एली यांच्या नृत्यमंडळीने कॉलिन्स आणि पर्ल प्रायमस या दोन ज्येष्ठ काळ्या नर्तिकांचा गौरव केला. एली स्वतः लॉस एंजेलिसमध्ये वाढले आणि लेस्टर हॉर्टन यांच्याकडे शिकले होते. ज्यांनी वाट पाडली त्यांना त्या वाटेने मोठे झालेल्या पिढीने दिलेली ही मानवंदना होती.

पुन्हा चित्रांकडे

उत्तरायुष्यात कॉलिन्स नृत्याच्या जगापासून हळूहळू दूर गेल्या. लहानपणापासूनची कॅथलिक श्रद्धा अधिक खोल झाली आणि त्या सिअॅटलमधल्या आपल्या चित्रशाळेत धार्मिक विषयांवरची चित्रे काढू लागल्या. नर्तिकेचे शरीर वयाबरोबर थकते, पण चित्रकाराचा हात दीर्घकाळ साथ देतो. घरच्यांनी लहानपणी दिलेला सल्ला अशा रीतीने म्हातारपणीही कामी आला.

त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले होते, ते अपुरे राहिले. २८ मे २००३ रोजी टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अपुऱ्या आत्मचरित्राची पाने याएल तमार लेविन यांनी लिहिलेल्या 'नाइट्स डान्सर' या चरित्रात २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. बालपण आणि सुरुवातीच्या धडपडीची कहाणी त्यात खुद्द कॉलिन्स यांच्या शब्दांत वाचता येते.

त्यांच्यानंतर काय बदलले?

कॉलिन्स ऑपेरागृहातल्या प्रमुख बॅलेरिना झाल्या. मोठ्या बॅले मंडळीने मात्र त्यांना कधीच कायम जागा दिली नाही. 'स्वान लेक' किंवा 'जिझेल'सारख्या पूर्ण लांबीच्या बॅलेची नायिका होण्याची संधी त्यांना मिळाली नाही. यामुळे त्यांचे यश कमी ठरत नाही, पण ते कुठवर पोहोचू दिले गेले हे कळते.

त्यानंतरचे बदल संथ होते. १९५५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. आर्थर मिचेल 'न्यूयॉर्क सिटी बॅले'मध्ये दाखल झाले, आणि रेव्हन विल्किन्सन या तरुणीला 'बॅले रूस द मॉन्टे कार्लो' याच नावाच्या मंडळीने करारावर घेतले. जॅनेट यांनी ज्या परंपरेपुढे नकार दिला होता, तीच ही परंपरा. विल्किन्सन यांचा वर्ण उजळ होता आणि मंचावर त्यांना तो रंगाने आणखी उजळ करावा लागे. दक्षिणेतल्या दौऱ्यांवर त्यांना धोका होता. काही वर्षांत त्यांनी मंडळी सोडली आणि पुढे नेदरलँड्सच्या राष्ट्रीय बॅलेत नृत्य केले. म्हणजे विसेक वर्षांनंतरही ती जुनी अट पुरती गेलेली नव्हती.

मिचेल यांनी १९६९ मध्ये कारेल शुक यांच्या साथीने 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' सुरू केले. इथे काळ्या नर्तकांना अपवाद म्हणून उभे राहावे लागत नव्हते. नायिका आणि मागचा समूह दोन्ही त्यांचेच होते. या संस्थेने पुढे पोशाखातही बदल केला. बॅलेचे मोजे आणि बूट परंपरेने फिकट गुलाबी असतात, म्हणजे गोऱ्या कातडीशी मिळतेजुळते. हार्लेमच्या नर्तिकांनी ते आपापल्या त्वचेच्या रंगाचे वापरायला सुरुवात केली. २०१५ मध्ये मिस्टी कोपलँड 'अमेरिकन बॅले थिएटर'च्या प्रमुख नर्तिका झाल्या. त्या मंडळीच्या ७५ वर्षांच्या इतिहासात हे पद मिळालेल्या त्या पहिल्या आफ्रिकी-अमेरिकी महिला.

जॅनेट कॉलिन्स यांची गोष्ट आता अमेरिकेतल्या मुलांपर्यंतही पोहोचते आहे. त्यांच्यावर 'डान्सिंग इन द लाइट' हा अॅनिमेशनपट निघाला आहे आणि 'ब्रेव्ह बॅलेरिना' हे चित्रमय बालपुस्तक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांसाठीच्या या गोष्टींचा गाभा तोच जुना प्रसंग आहे : एका मुलीला हवी ती जागा एका अटीवर मिळत होती, आणि ती अट होती स्वतःचा चेहरा झाकण्याची. तिने ती जागा सोडली, सराव चालू ठेवला, चित्रे काढून पैसे जोडले आणि जवळजवळ दोन दशकांनी स्वतःच्या चेहऱ्याने दुसऱ्या, मोठ्या मंचावर उभी राहिली.